घरच्या राउटरवर बॅकअप इंटरनेट जोडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकअप जोडणी म्हणजे नेमके काय?

घरातली मुख्य लाइन बंद पडताच राउटरने स्वतःहून दुसऱ्या लाइनवर जावे आणि मुख्य लाइन सुरळीत झाल्यावर तितक्याच मुकाट्याने परत यावे, अशी करून ठेवलेली व्यवस्था म्हणजे बॅकअप जोडणी. राउटरच्या सेटिंगमध्ये या बदलाला बहुधा ‘फेलओव्हर’ म्हणतात. घरातल्या लॅपटॉपला, टीव्हीला, फोनला यातले काही कळण्याची गरज नसते, कारण त्यांच्या दृष्टीने वाय-फायचे नाव तेच राहते आणि पासवर्डही तोच राहतो.

मोबाइलचा हॉटस्पॉट असताना हा खटाटोप कशासाठी?

ज्याच्याकडे हॉटस्पॉट आहे ती व्यक्ती घरात असेल, तिच्या फोनला चार्ज असेल आणि तिला स्वतःला त्या वेळी फोनवर बोलायचे नसेल, तर हॉटस्पॉट पुरेसा आहे. अडचण येते ती आई-वडील घरी एकटे असताना, मुलाची ऑनलाइन परीक्षा चालू असताना किंवा तुम्ही बाहेरगावाहून घरचा कॅमेरा पाहत असताना. ज्या घरात लाइन गेली की कोणाचे तरी काम अडते आणि ते सोडवायला जाणकार माणूस हजर नसतो, त्या घरासाठी ही व्यवस्था आहे. महिन्यातून एखादा तास लाइन जात असेल आणि त्याने कोणाचेही काही बिघडत नसेल, तर त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी जोडणी कोणत्या कंपनीची घ्यावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. मात्र कंपनीच्या आधी वाट विचारायला हवी. दुसरी लाइन तुमच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आपल्या शहरांत फायबर घरापर्यंत आणण्याचे काम पुष्कळदा स्थानिक केबलवालाच करतो. त्याच्याकडे एकाहून अधिक कंपन्यांची कामे असू शकतात. अशा वेळी बिलावर दोन वेगळी नावे असली, तरी दोन्ही वायरी एकाच खांबावरून, एकाच झाडाच्या फांदीखालून आणि सोसायटीच्या एकाच डक्टमधून वर येतात. मी स्वतः ही चूक केली आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेऊन मी निश्चिंत होतो. पुढे रस्त्याच्या कामात जेसीबीचा एक फटका बसला आणि दोन्ही राउटरवर तांबडा दिवा एकाच मिनिटाला लागला. दुरुस्तीला आलेला लाइनमनही एकच होता, आणि एकाच पेटीपाशी बसून त्याने दोन्ही वायरी जोडल्या. वर्षभराचे दुसरे भाडे कशासाठी भरले, हे त्या दिवशी मला कळले.

खोदकामात केबल तुटण्याचा प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना यावरून यावी की केंद्र सरकारने त्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू केले. खोदणाऱ्याने आधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवावे, असा त्यामागचा हेतू आहे.

त्यामुळे नवी जोडणी घेण्यापूर्वी खाली उतरून एकदा वायर कोठून येते ते डोळ्यांनी पाहा. लाइनमनला विचारा की वायर कोणत्या खांबावरून येणार, गच्चीवरून की जिन्यातून, आणि जवळची पेटी कोणती. तो हे सांगतो. त्याच्या कामाची रोजची गोष्ट आहे ती. मुख्य लाइन रस्त्याच्या बाजूने येत असेल, तर दुसरी मागच्या गल्लीतून येणारी असावी, किंवा सरळ हवेतून येणारी, म्हणजे मोबाइलवरची असावी.

मग दुसरे फायबर घ्यावे की मोबाइलचे सिम?

बहुतेक घरांना मुख्य लाइन फायबरची आणि बॅकअप सिमवर, ही जोडी सर्वांत सोयीची पडते. तुटण्याची कारणे दोन्हीकडे वेगळी असतात. फायबर जेसीबीने, उंदराने, कोकणात माकडांनी किंवा वादळात पडलेल्या फांदीने तुटते. मोबाइलचे जाळे गर्दीने मंदावते किंवा टॉवरची वीज संपली की थांबते. दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ कमी होते. मात्र फायबर आणि सिम एकाच कंपनीचे असू नये. तिच्या मुख्य जाळ्यातच बिघाड झाला, तर दोन्ही एकत्र जातात.

घरात दोन-तीन माणसे दिवसभर व्हिडिओ कॉलवर असतील आणि त्या भागात मोबाइलची रेंज यथातथाच असेल, तर वेगळ्या वाटेचे दुसरे फायबर घ्यावे. अगदी कमी वेगाचा प्लॅनही बॅकअपला पुरतो, कारण काम चालू राहणे एवढेच त्याच्याकडून हवे असते.

एअरफायबर हा तिसरा पर्याय आहे. भारतात एअरटेलने तो ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये आणला. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेला अँटेना ५जी सिग्नल घेतो आणि तेथून वायर घरातल्या राउटरपर्यंत येते. बॅकअपच्या दृष्टीने तो मोबाइलच्याच जातीचा, पण अँटेना बाहेर असल्यामुळे सिग्नल चांगला मिळतो आणि डेटाची मर्यादाही सिमपेक्षा पुष्कळ सैल असते.

माझा सध्याचा राउटर चालेल का?

कंपनीने फायबरसोबत दिलेल्या डब्यात सहसा दुसरी लाइन घेण्याची सोय नसते. त्याच्या मागे चार पोर्ट दिसले तरी ते घरातल्या उपकरणांसाठी असतात. त्यामुळे तो डबा तसाच ठेवून त्याच्या पुढे स्वतःचा एक राउटर लावावा लागतो, आणि त्या राउटरला ‘ड्युअल वॅन’ येत असले पाहिजे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या दोन लाइन घेता आल्या पाहिजेत.

असूसच्या बहुतेक वाय-फाय राउटरमध्ये ही सोय आहे. दुसरी लाइन लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, एखाद्या पोर्टवर घेता येते किंवा यूएसबीला अँड्रॉइड फोन वा डोंगल लावूनही चालते. टीपी-लिंकचा ईआर६०५ हा छोटा राउटर याच कामासाठी बनवलेला आहे. मात्र त्यात वाय-फाय नाही, म्हणून जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता ठेवून, त्याच्यामागे जोडावा लागतो. मायक्रोटिकच्या कोणत्याही राउटरवर हे करता येते, पण तेथे सगळे हाताने लिहावे लागते आणि नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. कपाटातला जुना राउटर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालवत असेल, तर त्यावर ‘एमवॅन३’ नावाचे पॅकेज टाकून तो कामाला लावता येतो.

सिमची खाच आणि वॅनचा पोर्ट दोन्ही असलेले राउटर बाजारात मिळतात. ते घेताना एक गोष्ट दुकानदाराला न विचारता माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावी : दोन्ही लाइन एकाच वेळी जोडून ठेवता येतात आणि बदल आपोआप होतो, की तुम्हाला एक ‘मोड’ निवडावा लागतो. दुसऱ्या प्रकारचा राउटर या कामाचा नाही.

जोडणी प्रत्यक्ष कशी करायची?

फायबर ज्यात येते त्या डब्याच्या लॅन पोर्टातून एक वायर नव्या राउटरच्या पहिल्या वॅन पोर्टात घाला. सिमच्या राउटरमधून किंवा दुसऱ्या फायबरच्या डब्यातून दुसरी वायर काढून ती दुसऱ्या वॅन पोर्टात घाला. लॅपटॉप नव्या राउटरला जोडून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा, दुसरा वॅन चालू करा, पहिल्याला ‘प्रायमरी’ आणि दुसऱ्याला ‘सेकंडरी’ ठरवा आणि ‘फेलओव्हर’ निवडा. ‘फेलबॅक’ अशी वेगळी खूण असेल तर तीही करा. ती राहून गेली, तर मुख्य लाइन परत आल्यावरही राउटर सिमवरच बसून राहतो आणि डेटा संपेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही.

कंपनीचा डबा स्वतःच लॉगिन करत असेल, तर नव्या राउटरवर वॅनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ ठेवावा. डबा ब्रिज करून दिला असेल, म्हणजे तो स्वतः लॉगिन न करता लाइन सरळ पुढे देत असेल, तर पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचे, नाव आणि पासवर्ड नव्या राउटरवर टाकावे लागतात, आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या वेगळ्या वाटेचा, क्रमांकही लागतो. हे तिन्ही तपशील कंपनीकडून लेखी मागून घ्या. काही स्थानिक नेटवाले तुमच्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, नोंदवून ठेवतात आणि नवा राउटर लावला की इंटरनेट चालत नाही. अशा वेळी सेटिंगमधली ‘मॅक क्लोन’ ही सोय वापरावी किंवा नेटवाल्याला फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यावा.

घरातली सगळी उपकरणे, टीव्हीसकट, आता नव्या राउटरच्या वाय-फायवर आणा. जुन्या दोन्ही डब्यांचे वाय-फाय बंद करा, नाही तर एखादा फोन जुन्या नावाला चिकटून राहतो आणि लाइन गेल्यावर ‘बॅकअप चालत नाही’ अशी तक्रार येते.

सगळे बरोबर जोडले, तरी इंटरनेट येत नाही. कोठे चुकले असेल?

बहुतेक वेळा पत्त्यांची, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसची, टक्कर झालेली असते. अनेक कंपन्यांचे डबे घरात १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरतात, आणि तुमचा नवा राउटरही कदाचित तोच वापरत असेल. मग राउटरच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला एकच पत्ता येतो, आणि कोणता डेटा कोठे पाठवायचा हे त्याला ठरवता येत नाही. दोन्ही कंपन्यांचे डबे सारखाच पत्ता वापरत असले तरी हाच घोळ होतो. जिओफायबरचा डबा १९२.१६८.२९.१ वापरतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा येत नाही.

उपाय साधा आहे. नव्या राउटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा आणि दोन डब्यांपैकी एकाचा १९२.१६८.६०.१ करा. तिन्ही ठिकाणी तिसरा आकडा वेगळा असला की झाले. पत्ता बदलल्यावर सेटिंगचे पानही नव्या पत्त्यावर उघडते, हे लक्षात ठेवून तो एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या खाली चिकटवून ठेवावा.

मुख्य लाइन बंद पडली, हे राउटरला कसे कळते?

सगळ्या व्यवस्थेचे यश या एका सेटिंगवर अवलंबून असते आणि नेमके तेच सेटिंग पुष्कळ जण बघत नाहीत. अनेक राउटर मूळ स्थितीत फक्त वायर जोडलेली आहे की नाही एवढेच पाहतात. पण बाहेर रस्त्यावर फायबर तुटले, तेव्हा तुमच्या घरातला डबा चालूच असतो आणि डब्यापासून राउटरपर्यंतची वायरही जिवंतच असते. राउटरला सर्व आलबेल दिसते, आणि तो बॅकअपवर जातच नाही.

म्हणून राउटरने दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या ठरलेल्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का, ते तपासले पाहिजे. या सोयीला असूसमध्ये ‘नेटवर्क मॉनिटरिंग’ म्हणतात आणि टीपी-लिंकमध्ये ‘ऑनलाइन डिटेक्शन’. मायक्रोटिकची ‘चेक गेटवे’ ही सोय साध्या मांडणीत फक्त पुढच्या टप्प्यापर्यंत तपासते, हे तेथे ध्यानात ठेवावे. तपासणीचा पत्ता कंपनीच्या गेटवेचा, म्हणजे तुमच्या लाइनवरच्या पहिल्या टप्प्याच्या यंत्राचा, ठेवू नये, कारण गेटवे उत्तर देतो पण त्याच्या पलीकडचे जग बंद असते, असे प्रसंग येतात.

पत्ते दोन द्या, तेही वेगवेगळ्या संस्थांचे, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, आणि दोन्ही निरुत्तर झाले तरच लाइन गेली असे मानायला सांगा. एवढे मोठे पत्ते कधी बंद पडत नाहीत, हा समज खरा नाही. १४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे १५ जुलैच्या पहाटे, १.१.१.१ ही सेवा जगभर सुमारे तासभर बंद होती. ज्यांच्या राउटरवर तो एकच पत्ता तपासणीसाठी दिलेला होता, त्यांची धडधाकट लाइनही अशा वेळी बंद समजली जाते.

दर ५ सेकंदांनी तपासणी आणि सलग ३ ते ५ वेळा अपयश आल्यावर बदल, हे प्रमाण घरासाठी योग्य आहे. त्याहून उतावळे ठेवले, तर एखाद्या क्षणिक अडखळण्यानेही राउटर इकडून तिकडे उड्या मारत राहतो. परत येताना मात्र घाई नको : मुख्य लाइन सलग एक-दोन मिनिटे नीट चालल्यावरच राउटरने तिच्यावर यावे, असे सेटिंग असेल तर ते जरूर लावा. दुरुस्ती चालू असताना लाइनमन वायर जोडतो, काढतो, पुन्हा जोडतो, आणि त्या प्रत्येक वेळी घरातला कॉल तुटणे टळते.

‘लोड बॅलन्सिंग’ निवडले तर दोन्ही लाइनचा वेग एकत्र मिळेल ना?

नाही. एक फाइल उतरवताना किंवा एक चित्रपट पाहताना ती जोडणी एकाच लाइनवरून जाते. बऱ्याच माणसांचे बरेच काम चालू असेल, तर ते दोन्हींवर वाटले जाते, एवढाच फायदा. उलट नेट बँकिंगमध्ये अडचण येते : एकाच बैठकीत तुमचा पत्ता दोन वेगळ्या ठिकाणांहून दिसला, की बँकेची साइट सुरक्षेसाठी तुम्हाला बाहेर काढते. दुसरी लाइन सिमवर असेल तर महागडा डेटाही विनाकारण खर्च होतो. घरासाठी फेलओव्हर निवडा.

बदल होताना चालू असलेला कॉल तुटेल का?

थोडा वेळ तुटेल. लाइन बदलली की बाहेरच्या जगाला दिसणारा तुमचा पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर उभ्या असलेल्या जोडण्या संपतात. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप बहुधा काही सेकंद गोठून स्वतःहून परत जोडतात. ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारे व्हीपीएन मात्र पुष्कळदा पुन्हा लॉगिन मागते. तपासणीचे १५ ते २५ सेकंद आणि परत जोडण्याचा वेळ धरून अर्ध्या ते एका मिनिटाचा खंड गृहीत धरावा.

सिम कोणते वापरावे आणि सिमचा राउटर कोठे ठेवावा?

तुमच्या बँकेला, आधारला जोडलेला क्रमांक राउटरमध्ये घालू नका. ओटीपीचा संदेश राउटरच्या पोटात जाऊन बसतो, आणि तो वाचायला सेटिंगचे पान उघडावे लागते. वेगळे सिम घ्या, ते स्वतःच्या नावावर घ्या.

ते चालू ठेवणेही आवश्यक आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात शिल्लक असल्यास २० रुपयांपर्यंत कापून पुढचे ३० दिवस तो राखता येतो. बॅकअपचे सिम नेमके याच उपेक्षेला बळी पडते. रिचार्जची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवावी.

सिमचा राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर न ठेवता खिडकीपाशी ठेवावा आणि तेथून लांब वायर ओढावी. जागा ठरवताना त्याच्या सेटिंगच्या पानावरचा आरएसआरपी हा सिग्नलची ताकद सांगणारा आकडा पाहा. तो उणे असतो. -८५ च्या आसपास असेल तर उत्तम, -११० च्या पलीकडे गेला तर जागा बदला. घरभर फिरून प्रत्येक खिडकीत दोन मिनिटे ठेवून आकडा टिपला, तर एकाच खोलीत दोन खिडक्यांमध्ये केवढा फरक पडतो ते दिसते.

बॅकअपवर असताना डेटा किती जाईल?

फक्त तपासणीला दिवसाला काही एमबी लागतात, त्याची चिंता नको. खरा डेटा खातो तो टीव्ही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के चित्राला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबी देणारा सर्वसाधारण प्लॅन अर्ध्या-पाऊण तासात संपतो, आणि त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यात ईमेलही धड उघडत नाही. ज्या कामासाठी बॅकअप घेतला तेच काम मग अडते.

संगणकावर ‘मीटर्ड कनेक्शन’ ही खूण करून भागेल असे वाटते, पण वाय-फायचे नाव तेच राहिल्यामुळे संगणकाला लाइन बदलल्याचे कळत नाही, आणि खूण केली तर ती कायमचीच लागू होते. म्हणून निर्बंध राउटरवरच घालावा. ज्या राउटरमध्ये उपकरणागणिक वाट ठरवता येते, तेथे टीव्हीला आणि गेमच्या यंत्राला फक्त मुख्य लाइन द्यावी. ती सोय नसेल, तर टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा मुळातच मध्यम करून ठेवावा.

वीज गेली तर काय?

पुष्कळ घरांत इंटरनेट बंद पडण्याचे खरे कारण वीज असते, आणि अशा घरात दुसऱ्या लाइनच्या आधी विजेची सोय करावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडाने मुंबई आणि आसपासचा परिसर सकाळीच अंधारात गेला, तेव्हा घरून काम करणाऱ्या असंख्य लोकांना हे एकदम लक्षात आले.

फायबर घरापर्यंत थेट येत असेल, तर बहुधा ते जीपॉन पद्धतीचे असते. त्यात कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या डब्यापर्यंत मध्ये कोठेही वीज लागत नाही. खांबावरचा स्प्लिटर नुसता प्रकाश विभागतो. त्यामुळे तुमचा डबा आणि राउटर बॅटरीवर चालू राहिले, तर सगळ्या गल्लीत अंधार असतानाही तुमचे इंटरनेट चालू शकते. याउलट, इमारतीपर्यंत फायबर आणि तेथून घरोघरी साधी नेटवर्कची वायर, अशी स्थानिक नेटवाल्याची रचना असेल, तर जिन्याखालच्या पेटीतला स्विच विजेवर चालतो. तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग होत नाही. पेटीला बॅटरी आहे का, हे विचारा. नसेल तर सोसायटीने मिळून लावून घ्यावी.

घरातल्या डब्यांसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. तो घेताना खोक्यावरचा मोठा आकडा जपून वाचावा. १०,४०० एमएएच असे लिहिलेले असते, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असते. म्हणजे साधारण ३८ वॉट-तास, आणि व्होल्टेज वाढवताना होणारी घट वजा जाता ३२ च्या आसपास. फायबरचा डबा ६ वॉट आणि राउटर १० वॉट घेत असेल, तर तो दोन तास चालेल. सिमचा राउटरही त्यावर लावला तर वेळ आणखी कमी होईल. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ व्होल्टची पिन बसते म्हणून लावू नका, ते जळते.

घरी इन्व्हर्टर असेल, तर वीज जाताना राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो का, ते पाहा. तसे होत असेल तर इन्व्हर्टरची कळ ‘यूपीएस’ मोडवर करा, म्हणजे बदल लवकर होतो.

कॅमेरे, लँडलाइन आणि ऑफिसचे काम बॅकअपवर चालेल का?

बाहेरून थेट आपल्या पत्त्यावर येऊन पाहायचे जुन्या पद्धतीचे कॅमेरे सिमवर दिसणार नाहीत. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, ज्याला सीजीनॅट म्हणतात. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्हीही त्याच्या मागे आहात आणि पोर्ट उघडून काही साधणार नाही. कंपनीच्या क्लाउडवरून चालणारे कॅमेरे मात्र चालतात.

फायबरच्या डब्याला जोडलेला लँडलाइन फोन बॅकअपवर चालत नाही, कारण तो फक्त त्याच कंपनीच्या जाळ्यातून चालतो. ऑफिसने तुमचा ठरावीक पत्ताच मान्य केला असेल, तर बॅकअपचा पत्ता आत घेतला जाणार नाही. आधीच कळवून ठेवावे.

डीएनएस आणि आयपीव्ही६ चे काय करावे?

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तो कंपनीचा न ठेवता सर्वांसाठी खुला असलेला द्यावा, कारण एका कंपनीचा डीएनएस दुसरीच्या लाइनवरून उत्तर देईलच असे नाही. आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता कंपनीकडून येतो, आणि लाइन बदलल्यावरही फोन जुनाच पत्ता धरून बसतात. बॅकअपवर काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, असे दिसले तर राउटरवर आयपीव्ही६ बंद करून पाहावे. घरगुती राउटरमध्ये सध्या तरी तोच खात्रीचा उपाय आहे.

नवा राउटर घ्यायचाच नसेल तर काही युक्ती आहे का?

आहे. फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वाय-फायचेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तसेच, आणि सुरक्षेचा प्रकारही तोच निवडा. लाइन गेली की घरातला राउटर बंद करायचा आणि हॉटस्पॉट चालू करायचा. लॅपटॉप आणि टीव्ही आपोआप त्यावर येतात. राउटर बंद करणे आवश्यक आहे, कारण त्याचे वाय-फाय चालू असेपर्यंत उपकरणे त्यालाच धरून राहतात. आजी-आजोबांनाही हे दोन टप्प्यांत शिकवता येते.

सगळे नीट बसले आहे, याची खात्री कशी करावी?

वायर उपटून नव्हे. राउटरच्या वॅनमधली वायर काढली की कोणताही राउटर बॅकअपवर जातो, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वायर जोडलेली असताना पलीकडचे इंटरनेट बंद, अशी स्थिती घडवून आणायला हवी.

त्यासाठी पाच पोर्टांचा एक साधा नेटवर्क स्विच फायबरच्या डब्याच्या आणि राउटरच्या मध्ये लावा. मग डब्याकडून स्विचकडे येणारी वायर काढा. राउटर ते स्विच ही वायर जिवंत राहते, इंटरनेट मात्र गेलेले असते. आता घड्याळ लावून बघा की किती सेकंदांत साइट पुन्हा उघडते. वायर परत लावून राउटर मुख्य लाइनवर येतो का, तेही बघा. चाचणीसाठी हिरव्या टोकाचे फायबर शक्यतो काढू नये : त्याच्या तोंडाला धूळ बसली की सिग्नल उतरतो, ते घट्ट दुमडले तर तुटते, आणि त्यातून येणारा लेझर डोळ्यांना दिसत नसला तरी त्याच्या टोकाकडे पाहणे धोक्याचे आहे.

एकदा घरातले सगळे कामात असताना, न सांगता ही चाचणी घ्यावी. कोणाचे काय अडते ते तेव्हाच कळते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्यात तर नक्कीच, ती पुन्हा करावी, कारण सिमचा रिचार्ज संपलेला असतो किंवा मिनी यूपीएसचे सेल दमलेले असतात.

एवढे केल्यावर इंटरनेट कधीच जाणार नाही का?

मोठ्या आपत्तीत जाईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब, वायरी आणि मोबाइलचे टॉवर एकदमच गेले, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या भागांत लोकांचा बाहेरच्या जगाशी संपर्क काही दिवस तुटला होता. टॉवरलाही बॅटरी असते, पण ती काही तासांची. पुढे डिझेल पोहोचले तरच तो चालतो. अशा भागात राहणाऱ्यांनी घरात दोन वेगळ्या कंपन्यांची चालू सिमे, भरलेली पॉवर बँक आणि बॅटरीवरचा रेडिओ ठेवावा, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांशी आधीच ठरवून ठेवावे की संपर्क तुटल्यास गावातल्या कोणत्या दुसऱ्या घरी निरोप द्यायचा.